शिळ्या पाण्याचा ड्रम

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
दि. ७ जुलै २०२५

चि. सौ. प्रेरणास कडुबामामाचे अनेक आशीर्वाद.

सासऱ्यानं सुनेला पत्र लिहावं, हे आपल्या घरात पहिल्यांदाच घडतंय. काय करणार, तुझ्या त्या वनरक्षकाच्या ट्रेनिंगमध्ये मोबाईलला रेंज नाय. रविवारी टेकडीवर चढून तू जी पाच मिनिटं मिळवतेस, ती सगळी आमचा विश्वजीत खातो.

आम्ही खुशाल. तुझे बारा टेट्रा मासेही खुशाल. काचेच्या टाकीत या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवसभर त्यांची कवायत चालते. पण आता तक्रार. नळ आठ-आठ दिवसांनी येतो. माणसं अर्ध्या बादलीत अंघोळ उरकतात अन् माशांना आठवड्याला अख्खी बादली! शेजारच्या अनिसाभाभींच्या आमरीनला मासे लई आवडतात. म्हणशील तर टाकी तिकडं देऊन टाकतो. विचार करून कळव.

तब्येत जप. म्हाताऱ्याची कटकट गोड मानून घे.

तुझे मामा,
कडुबा

•

वनरक्षक प्रशिक्षण केंद्र
दि. १५ जुलै

ती. मामांना सा. न. वि. वि.

पत्र आलं तेव्हा सरांनी सगळ्यांसमोर माझं नाव पुकारलं. मैत्रिणींना वाटलं, नवऱ्याचं! सासऱ्यांचं आहे म्हटल्यावर कुणाचा विश्वास बसेना.

मामा, टाकी देऊ नका, एवढी विनंती. माहेरहून आणलेल्या सामानात तेवढीच एक जिवंत गोष्ट आहे. डिसेंबरात मी आले की पाण्याचं काय ते तुम्ही ठरवा. तोवर मी भिंतीवर लावलेल्या चिठ्ठीप्रमाणे चालू द्या : चिमूटभर खाणं, आठवड्याला एकच बादली, आणि तीही ड्रममधल्या शिळ्या पाण्याची. टाकीतून काढलेलं पाणी फेकू नका, तुमच्या जास्वंदीला घाला.

इथं आम्ही तीस जणी रोज सकाळी रांगेत पळतो. मी शेवटून दुसरी असते. मागून तुम्ही ‘नळ आला’ म्हणून ओरडलात, तर पहिली येईन.

माया आहे तशीच राहू द्या, थोडी माशांवरही करा.

आपली,
प्रेरणा

•

पुंडलिकनगर
दि. २९ जुलै

चि. सौ. प्रेरणास आशीर्वाद.

हे पत्र लिहायला दोन दिवस धीर झाला नाही. तुझे दोन मासे माझ्या हातून गेले. दहा आहेत.

तुझ्या पत्रात ‘शिळं पाणी’ वाचलं अन् मनाला लागलं. वाटलं, पोरगी माझ्या धाकानं माहेरच्या जिवांना शिळं पाणी देते. आपल्याकडं नळ आला की आधी ड्रममधलं शिळं ओतून देतात, मग ताजं भरतात. पाहुण्याला तर शिळं कुणीच देत नाही. रविवारी नळ आला. मी ड्रम धुतला, टाकीतलं अर्धं पाणी उपसलं अन् ताज्या पाण्याच्या दोन बादल्या मन मोठं करून ओतल्या.

दहा मिनिटांत सगळे वर येऊन तोंडं उघडायला लागले. रंग फिका. मी अनिसाभाभींना हाक मारली. आमरीन धावत आली, तिनं पाण्याचा वास घेतला अन् म्हणाली की दादा, औषधाचा वास मारतोय, हे काढा अन् शिळं ओता. शिळं कुठलं आणू? माझं मीच मोरीत ओतलेलं! भाभींचा ड्रम रिकामा व्हायचा होता, एक बादली तिथून घेतली. दुसरी समोरच्या सांडूकडून. सगळी गल्ली ताजं भरायला धावत होती अन् मी शिळं मागत फिरत होतो. सांडू अजून हसतोय.

संध्याकाळी दहा जण रांगेत लागले. दोघांना जास्वंदीखाली ठेवलं.

राग आला असेल तर मला लिही. टेकडीवरून विश्वजीतला सांगू नकोस, तो महिनाभर चिडवील.

तुझे मामा,
कडुबा

•

वनरक्षक प्रशिक्षण केंद्र
दि. ६ ऑगस्ट

ती. मामांना सा. न. वि. वि.

थोडी रडले, मग बादली घेऊन फिरणारे तुम्ही डोळ्यांसमोर आलात आणि हसू आवरेना. चूक माझी. काय करायचं ते चिठ्ठीत लिहिलं, का करायचं ते लिहिलं नाही. नळाच्या ताज्या पाण्यातलं औषध, क्लोरीन, त्यांना सोसत नाही. दोन दिवस उघड्यावर ठेवलं की उडून जातं. आणि मामा, मला तुमचा धाक असता तर ती टाकी आपल्या घरात आलीच नसती.

पण तुमच्या जिवाला घोर नको. टाकी आमरीनला द्या. मनापासून सांगते. फक्त दहाही एकत्र राहू द्यात. एकटा पडला की टेट्रा कोपऱ्यात दडून बसतो, खात नाही.

मी आता शेवटून सहावी आहे. घरच्यांना नमस्कार सांगा आणि मला विसरू नका.

आपली,
प्रेरणा

•

पुंडलिकनगर
दि. १९ ऑगस्ट

चि. सौ. प्रेरणास अनेक आशीर्वाद.

टाकी दिली नाही. देणार नाही. आमरीन रोज येऊन बघून जाते, तेवढं पुरे. तिला सोबत घेऊन दोन नवे आणले, बारा झाले. जुन्यांनी एका दिवसात त्यांना रांगेत घेतलं. आता नवे कोणते, मलाही सांगता येत नाही.

गॅलरीत निळा ड्रम नवा घेतला. त्यावर सांडूनं रंगानं लिहून दिलंय : माशांचं पाणी, हात लावू नये. परवा विश्वजीत कंपनीतून आला अन् त्यातल्या तांब्याभर पाण्यानं पाय धुतले. त्याला असा फैलावर घेतला की भाभी बाहेर आल्या. जास्वंदीला सात फुलं आहेत.

तू डिसेंबरात येशील तो नळाचा दिवस नसला, तर अर्ध्या बादलीत अंघोळ उरकायची. निळ्या ड्रमकडं बघायचंसुद्धा नाही, आत्ताच सांगून ठेवतो.

बाकी जीव आहेच तुझ्यावर, पाण्याचं तेवढं ध्यानात असू दे.

तुझे मामा,
कडुबा