दाराशी सतरा मिनिटं

३ मार्च २०१५.
आजपासून सुटताना सगळ्यांच्या बॅगा मी तपासायच्या. फ्रेस्नोच्या या कपड्यांच्या दुकानात अकरा वर्षं काढली, ती उगाच नाही. आता असिस्टंट मॅनेजर व्हायला फक्त सही बाकी.

४ मार्च.
पद्धत: आधी पंच आउट, म्हणजे पगाराची वेळ बंद, मग रांग, मग बॅग. मीसुद्धा पंच आउट करूनच तपासतो. आमची मॅनेजर डोरीन म्हणाली, मोठं व्हायचंय ना मर्ल, मग मिनिटं मोजू नकोस. पटलं.

१९ मार्च.
रांगेतली मिनिटं वहीत लिहायला लागलो. रोज, प्रत्येकाच्या नावापुढे. सरासरी सतरा. वरच्यांना शिस्त दिसली पाहिजे.
कॅश काउंटरवरची येसेनिया म्हणाली, मर्लसाहेब, पोरगी पाळणाघरात ताटकळतेय. डब्यात काय, अख्खी पँट नेणार का मी? डबा उघडायला लावला. बीन्स होते.

६ जून २०१६.
कोर्टाची नोटीस टपालाने. येसेनियाने सगळ्या कामगारांतर्फे कंपनीवर दावा लावलाय: रांगेतल्या वेळेचा पगार द्या. म्हणे मीही आपोआप त्यात! नको असेल त्याने ठरल्या मुदतीत लेखी कळवायचं. आजच्या आज कळवलं, मला नको. प्रत डोरीनच्या टेबलावर ठेवली. तिने न वाचताच ती पालथी केली.
येसेनिया म्हणाली, अरे शहाण्या, सगळ्यात जास्त वेळ फुकट तूच राबतोस की! मत्सर, दुसरं काय.

१२ ऑगस्ट.
कंपनीचा वकील आला. अभिमानाने वही दिली. त्याने दोनदा विचारलं, आणखी कुणी पाहिलीय का? मग विचारलं, लिहायला कुणी सांगितलं? म्हटलं, कुणीच नाही, सगळं माझं डोकं. त्याने तेवढं वाक्य टिपून घेतलं. वही परत दिली नाही. खूश दिसला.

१५ ऑगस्ट.
मी आलो की गप्पा थांबतात. हुद्द्याचा दरारा.

१९ ऑगस्ट.
२२ तारखेनंतर कामाच्या तक्त्यावर माझं नाव नाही. मागच्या दाराला माझी किल्ली लागत नाही. बढतीचीच तयारी. नवा शर्ट घेतला.

२२ ऑगस्ट, संध्याकाळी साडेपाच.
कामावरून काढलं. कंपनी कोर्टात सांगणार: झडतीचा नियमच नव्हता, एक कामगार परस्पर करत होता.
येसेनियाला विचारलं, मला दाव्यात परत घेतील का? ती हसली नाही. म्हणाली, मुदत जुलैतच संपली रे मर्ल.
शेवटचं पंच आउट केलं. सवयीने बॅग उघडून दाराशी उभा राहिलो. तपासायला कुणी आलं नाही.
तेवीस मिनिटं.