बारा मार्चचं कार्ड

३ मार्च

ती. ताईस,
उभ्याउभ्याच सा. न.

वर्षभरातली ही माझी सहावी नोकरी, हसून घे. वर्तमानपत्रात 'राज्याच्या इतिहासात आज' हे सदर भरतो. भरतो कसलं! बुटांच्या खोक्यांत तारखेवार कार्डं आहेत, त्या दिवसाचं काढून छपाईला द्यायचं. वाचायचीही तसदी नाही. नुसत्या फिती कापलेल्या. एक कारंजं तर तीनदा सुरू झालंय! खिडकीखाली एक जण मघापासून सायकलची किल्ली शोधतोय, ती कुलपालाच आहे. असो.

बारा मार्चचं कार्ड मुद्दाम काढलं. 'नव्या पुलाचे थाटात उद्घाटन.' बस्स. त्याच सकाळी उद्घाटनाच्या घाईपायी परांची उतरवायला लावली आणि बाबांसह सात गवंडी खाली गेले, त्याचं अक्षर नाही. साहेबांना (सगळे त्यांना बोकोबा म्हणतात) विचारलं, तर म्हणाले, कात्रण दाखव. छापील कात्रण चिकटवल्याशिवाय कार्डावर ओळ चढत नाही. तेव्हा कुणी छापलंच नाही, म्हणजे सातही जण अजून पुलावरच असतील!

माया आहेच, आटू देऊ नकोस.
भिंगरी

६ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

आईला पत्र वाचून दाखवलं. म्हणाली, खाली आम्ही झाकायला चादरी शोधत होतो आणि वर बँड थांबला नाही. डोळे मिटण्याआधी एकदा ते छापलेलं बघायचंय तिला.

बोकोबांशी भांडून सातवी नोकरी शोधू नकोस. वाचकांची पत्रं छापता ना तुम्ही? सोबत माझं आहे, सातही नावांसकट. ते छापलं की झालं तुमचं कात्रण.

जेवत जा, आणि आमची आठवण ठेव.
ताई

१३ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र परवा छापून आलं. बोकोबांनी न वाचताच दिलं, तुंबलेलं गटार आणि भटकी कुत्री यांच्या मधोमध. मथळा काय, तर 'पुलाबाबत तक्रार'. धन्य ते डोकं! पण नावं सातही शाबूत. लगेच कात्रण कार्डावर चिकटवलं आणि ओळ उद्घाटनाच्या वर घातली. सकाळ आधी येते ना?

काल सदरात आली. पूलवाल्या खात्यातून फोन खणखणले, बोकोबा लालबुंद. मी नियम दाखवला, त्यांनी दार. कार्ड मात्र त्यांना फाडवेना, कात्रण होतं! माझ्या जागी आलेला गडी माझ्याहून आळशी आहे. दरवर्षी न वाचता देत राहील.

अंक सोबत आहे. बाबांचं नाव तिसरं. आईचं बोट धरून त्यावर ठेव.

नवा पत्ता ठरला की कळवतो, तोवर रागावू नकोस.
भिंगरी