नव्या डब्याची परीक्षा

३ मार्च, मंगळवार

नवऱ्याचा महागडा स्विच आला. इंटरनेटच्या तारा जोडायचा डबा, बस! जुना होताच की. पण हा म्हणे खास इंटरनेटवरून गाणी ऐकण्यासाठी — "गाण्यावरची धूळ पुसली जाते." मी म्हटलं, आधी कपाटावरची पूस.

५ मार्च

ऐकतोय. डोळे मिटून, मान डोलावत. मला काडीचा फरक कळत नाही. पण स्वारी इतकी खुशीत, की भांडी आपणहून घासली.

८ मार्च, रविवार

आज परीक्षा घेतली. चष्म्याच्या दुकानात दिवसभर मी हेच करते — भिंग बदलायचं आणि विचारायचं, "आता बरं की मघाशी?" कधी मुद्दाम तेच भिंग परत लावते. तरी माणसं म्हणतात, "आता कसं स्वच्छ!"

त्याला पाठ करून बसवलं. तेच गाणं दहा वेळा. तार कधी जुन्या डब्यात, कधी नव्यात. तो ठामपणे सांगायचा, मी कागदावर टिपायचे. दहापैकी चार बरोबर.

तो वळला. तोंड निकालाला आलेल्या पोरासारखं. माझ्या तोंडून निघून गेलं — "नऊ!"

कागद फाडून टाकला. खोटं बोलले, पण बरं वाटलं.

१० मार्च

बोंबला. दिराचा फोन. "वहिनी, दादाचे नऊ बरोबर आले म्हणे! तुम्ही तपासलंय म्हणजे शंकाच नको. मीही मागवतो. पोरीची सायकल काय, पुढच्या वर्षी घेऊ."

खरं सांगितलं तर नवऱ्याचं तोंड उतरणार. नाही सांगितलं तर पुतणीची सायकल गेली. करावं तसं भरावं.

११ मार्च

उद्या सकाळी सांगणार. ठरलं.

१२ मार्च

सांगायला गेले, तर नवराच डबा खोक्यात भरत होता. परत पाठवायला. भावालाही "घेऊ नकोस" म्हणून सांगून झालेलं.

"पहिले दोन दिवस खरंच फरक वाटला गं. तुझ्याकडे पाठ करून बसलो आणि काहीच कळेना. तोंडाला येईल ते सांगत होतो. नऊ बरोबर यावेत एवढं माझं नशीब कधी होतं? पण तू माझ्यासाठी इतकं ठासून खोटं बोललीस, की भावापुढेही मिरवलं, आणि चार दिवस हा परत पाठवायचं मनच होईना."

मला हसू आवरेना, डोळेही भरले. मग दोघांनी मिळून खोक्याला चिकटपट्टी लावली.