सुदामदादाला वर घेतलं

३० नोव्हें., रवि.
सकाळी खाणीच्या कॉलनीच्या कोर्टावर प्रॅक्टिस. सुदामदादा आजही मागे राहिला. बॉल हातात आला की अजून तोच राजा, पण परत धावत यायचं म्हटलं की गुडघा आडवा येतो आणि समोरच्याला बास्केट मोकळी. पोरं माझ्याकडे बघत राहिली. कोच मी ना! पुढच्या रविवारी तुमसरवाल्यांशी मॅच. पहिल्या पाचात दादाच्या जागी निखिलला घ्यावंच लागेल. सुदामशिवाय आमच्या चिखला खाणीची टीम उतरलेली कुणी पाहिली नाही. हे काम नेमकं माझ्याच वाट्याला.

२ डिसें., मंगळ.
सांगायला म्हणून दादाच्या घरी गेलो. वहिनींनी चहा दिला. दादा शूजमध्ये नव्या नाड्या ओवत बसलेला. न सांगताच परत. ही म्हणाली, "चाय प्यालेच गेले होते का?"

४ डिसें., गुरु.
सांगितलं. नको तसं सांगितलं.
शिफ्ट सुटल्यावर खाणीच्या गेटवर गाठलं. घोकून गेलो होतो, की दुसऱ्या हाफला उतरा, दमलेल्यांसमोर तुम्हीच भारी पडाल. तोंडातून भलतंच निघालं : "दादा, आता तुमाले वर घेऊन राहिलो."
वर घेणं! हे आमच्याकडे खाणीचा डॉक्टर म्हणतो. ज्याचं शरीर खाली चालत नाही, त्याला. मग तो माणूस खिडकीत बसून खाली जाणाऱ्यांना हजेरीचं टोकन वाटतो. माझा कान गेला तेव्हा मीही असाच वर आलो. लाजेने घराबाहेर पडत नव्हतो. तेव्हा हाच दादा दारात येऊन म्हणाला होता, "चाल बे, टीमले कोच पायजे."
आज एवढंच म्हणाला, "डॉक्टरनं नाई घेतलं, तू घेतलं वर?" सायकल काढली, गेला.
दुसरा कुठलाही शब्द चालला असता. जीभ झडली असती तर बरं.

७ डिसें., रवि.
जिंकलो. पण...
निखिल छान खेळला. मुद्दाम लिहून ठेवतो. दादा वेळेवर आला. अंगात टीमची जर्सी, पायात चप्पल. बाकड्याच्या टोकाला बसून निखिलला ओरडत होता, "हात वर ठेव गा, हात!" शेवटी शेवटी निखिलच्या पोटरीत गोळा आला. सगळी कॉलनी सुरू, सुदाम, सुदाम! मी वळून पाहिलं. दादाने पाय बाकड्याखाली ओढून घेतले. मी दुसऱ्याला उतरवलं. फार वाईट वाटलं. अजून वाटतंय.

८ डिसें., सोम.
सकाळी दादा माझ्या टोकनच्या खिडकीशी आला. म्हणालो, "दादा, चुकलं माझं. मले तसं म्हनाचं नोतं."
"म्हनाचं तर तेच होतं ना गा."
टोकन दिलं. कमरेचा पट्टा आवळत तो खाली जाणाऱ्यांच्या रांगेत लागला. मग मागे न बघताच म्हणाला, "रविवारी येतो."
शूज आणाल का, हे विचारायचं होतं. तोवर खिडकीशी पुढचा माणूस हात पुढे करून उभा होता. त्याला टोकन दिलं.