माझी सूची, सरांचं बोलणं

रविवार, संध्याकाळ

पुठ्ठा, कापडी पाठ, दोऱ्याची शिवण आणि आवडत्या कादंबरीची चाळीस पानी सूची, कोण कोणत्या पानावर येतं त्याची. सगळं माझ्या हातचं, कुणाकडे न शिकता.

टोकरखाड्याच्या वाचकमंडळात आज त्याच कादंबरीवर जोशीसर बोलले. गेल्या रविवारी त्यांनी माझी सूची नेली होती. म्हणाले, नायिकेचं पत्र पान २२१ वर आहे. ते २१२ वर आहे. सूचीत २२१ लिहिलं ही माझी चूक. म्हणजे सरांनी कादंबरी उघडलीच नाही?

वर मंडळातला आमलीचा सुरेश मला म्हणतो, "भाऊ, तुम्ही पण वाचा ना ही."

पण सरांसारखं मला बोलता आलं असतं? नसतं. तेच सलतंय. घरी येताच २२१ खोडलं.

सूची परत करताना सर म्हणाले होते, "मलाच देऊन टाका, दोन हजार देतो."

नाही म्हणालो. चक्क दोन हजारांना.