पीठ वाढलं

अण्णा, आज सकाळी सुनेनं स्वयंपाकघरातून हाक मारली, "आई, मीठ संपलं." मी सवयीनं म्हणाले, "संपलं म्हणू नये बाई, वाढलं म्हणावं." ती पुण्याची. हसून म्हणाली, "वाढलं म्हणजे जास्त झालं ना? मग आणू की नको?" आणि पायात चपला सरकवून खाली गेली, मिठाची पिशवी घेऊन परत आली, तोवर माझा चहासुद्धा निवला नव्हता. उमरग्यात आमच्या जिन्याला लागूनच दुकान आहे, त्याच्या पलीकडं आणखी एक, समोर तिसरं. तिचा प्रश्न गमतीचा होता. मी मात्र कप हातात धरून तशीच बसले, कारण आपल्या गावात हाच घोटाळा एकदा खराखुरा झाला होता आणि तो तुम्ही केला होता.

जळकोटचा रस्ता सोडून आत शिरलं आणि दोन ओढे ओलांडले की आपलं गाव यायचं. गावात दुकान एकच, आपलं. मीठ, गूळ, राकेल, चहाची पुडी, आणि वाईट वर्षी जोंधळासुद्धा लोक तुमच्याकडूनच घ्यायचे, कारण दुसरीकडं जायचं तर दिवस मोडायचा. तुमच्या मालात खडा निघाला असं कुणी म्हणणार नाही. भाव तेवढा तुमच्या तोंडातून निघेल तो. निजामाच्या अमलात तुम्ही उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळं गावात सरकारी कागद वाचणारेही तुम्हीच. मला मुलगी म्हणून शाळेत घातलं नाही, पण दुपारी गिऱ्हाईक नसलं की फरशीवर सांडलेल्या पिठात माझं बोट धरून अलिफ, बे, पे काढून घ्यायचात. मी एक अक्षर चुकले की डोक्यावर टपली. अक्षरांबरोबर शब्दही शिकवलेत, आणि वर्षभरात मला उर्दू बोललेलं सगळं कळायला लागलं. तुम्ही मला दिलेली ती एकच चांगली वस्तू, आणि तिनंच तुमचा घात केला.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, पण आपण अजून हैदराबाद राज्यातच होतो. त्या साली पावसानं पाठ फिरवली. बायका अंबाडीचा पाला शिजवत होत्या, त्यात मूठभर कण्या टाकत होत्या. सरकार या भागात कुठंतरी स्वस्त धान्याचं दुकान काढणार असं कळलं आणि एक दिवस पुरवठ्याचे साहेब आले. हैदराबादचे, मराठीचा गंध नसलेले. उतरले अर्थातच आपल्याकडं. आईनं त्यांना पिठलं, भाकरी, वर तुपाची धार असं जेवू घातलं. दिवसभर गावातली माणसं ओसरीपुढं हात जोडून उभी राहिली, आणि साहेब तुमच्याकडं वळून म्हणाले की पुरुष मागतातच, सगळीकडं मागतात. चूल सांभाळणाऱ्या एखाद्या बाईला बोलवा. हुशार माणूस. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मिशीला हात लावत होता.

मागच्या अंगणात वेशीजवळ राहणारी, आपल्याकडं कांडणाला येणारी मावशी दुकानाच्या मिरच्या कांडत होती. तुम्ही तिलाच बोलावलं. अण्णा, मला ती घटका अजून दिसते. दिवेलागण झालीय, आईनं नुकताच कोनाड्यात दिवा ठेवलाय, मावशी डोळ्यापर्यंत पदर ओढून खांबाआड उभी आहे, हातांना तिखट लागलंय म्हणून ते अंगापासून लांब धरलेत. साहेबांनी विचारलं, "इनसे पूछो, घर में अनाज कितना है?" तुम्ही म्हणालात, "सायेब इचारतेत, तुज्या घरात जोंधळं किती हाय?" तिन्हीसांजेला, लावलेल्या दिव्यासमोर, परक्या माणसापुढं कुठली बाई संपलं म्हणेल? तिनं दिव्याकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "वाढलं म्हनावं, शेठ. कवाच वाढलंय. पीठबी वाढलंय."

आणि तुम्ही साहेबांकडं वळून म्हणालात, "कहती है, बढ़ गया, साहब. आटा भी बढ़ गया."

साहेब खुशीत हसले. "फिर तो अच्छा है," म्हणाले. मावशीलाही बरं वाटलं, साहेब एवढं गोड हसले म्हणजे दुकान येणार. त्या ओसरीवर हे दोन्हीकडचं बोलणं कळणारी माणसं दोनच होती, तुम्ही आणि मी. मी तुमच्या तोंडाकडं बघत राहिले. तुम्ही उठून दुकानात गेलात, गुळाचा खडा फोडून माझ्या हातावर ठेवलात आणि म्हणालात, "खा." मी खाल्ला. मग आत जाऊन आईला सगळं सांगितलं. तुम्हाला हे कधीच कळलं नाही. तुम्ही समजत होतात की गुळानं पोरीचं तोंड बंद झालं.

दुकान जळकोटला निघालं. आपल्या गावाला धान्याची काय गरज, तिथं तर पीठ वाढलेलं! मावशी पहाटे निघायची, दोन्ही ओढे ओलांडून जायची, उन्हात रांगेत बसायची. कधी धान्य मिळायचं, कधी तिचा नंबर येईतो पोती झटकलेली असायची. तिची एकुलती लेक तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेली होती. बाळंतिणीच्या पोटात काय, तर अंबाडीचं पाणी. दूध उतरेना. एवढं झाल्यावर मावशी तुमच्या पायरीशी आली. दुकानात चार माणसं बसलेली होती. ती म्हणाली, "शेठ, पोरीला दूध येईना झालंय. शेरभर जोंधळं द्या, सुगीपतूर तुमच्याकडं कांडीन, निवडीन." तोपर्यंत मी मनाची समजूत घालत होते की अण्णांची बोलण्यात चूक झाली असेल, शब्द तर तोच होता. तुम्ही तराजू पुसत म्हणालात, "अगं, तुज्या घरात तर वाढलंय की! सायबापुढं तूच म्हनलीस." माणसं खो खो हसली. आणि मावशीसुद्धा हसली, अण्णा. तिला कळलंच नाही. शेठ थट्टेवर आलेत म्हणजे देतील, असं तिला वाटलं. हसऱ्या तोंडानं ती पदर पसरून उभी राहिली, आणि तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाला "तुला काय पायजे?" म्हणून विचारलंत.

मूल बारशाआधीच गेलं. त्याला नावसुद्धा मिळालं नाही.

त्या दिवसापासून आईनं वाढलं म्हणणं सोडलं. तुम्ही जेवायला बसलात की ती समोर उभी राहायची आणि म्हणायची, "मीठ संपलंय." तुम्ही दचकायचात. "वाढलं म्हन." "संपलंय," ती म्हणायची, "तेलबी संपलंय. हळद संपलीय." आवाज न चढवता, रोज. घर मालानं भरलेलं, आणि ती दिवा लावून झाल्यावर मुद्दाम संपल्याचा पाढा म्हणायची. सबंध गावाला मापात ठेवणारे तुम्ही त्या एका शब्दाला इतके भ्यायचात की मला बघायला मजा यायची. मग एका संध्याकाळी ती रिकामा करंडा घेऊन आली आणि म्हणाली, "कुंकू संपलंय." सवाष्ण बाई नवऱ्याच्या तोंडावर असं म्हणते! तुम्ही ताटावरून उठलात, हात उगारलात, "जीभ झडंल तुजी! वाढलं म्हन!" आई जागची हलली नाही. म्हणाली, "वाढलं म्हनलं तर तुमी कुटं आनता? तुमाला भरल्यालंच दिसतंय." उगारलेला हात तसाच खाली आला. रात्री तुम्ही स्वतः जाऊन दुकानातली कुंकवाची सगळी पुडकी आणलीत आणि करंडा शीग लागेपर्यंत भरलात. सकाळी आईनं त्यातलं बोटभर लावलं. तुमच्याशी ती पुढं गरजेपुरतंच बोलली, आणि गरज म्हणजे काय, तर जे संपलं असेल ते.

मावशीला आम्ही दोघींनी, आईनं आणि मी, काही सांगितलं नाही. काय सांगणार होतो? तुझं नातवंड एका शब्दानं गेलं, आणि तो शब्द तुझाच होता? ती आपल्याकडं मिरच्या कांडायला येत राहिली. माझी वेणी घालायची. तुम्हाला देवमाणूस म्हणायची.

हे मी कशाला लिहितेय, मलाच ठाऊक नाही. पाठवायचं कुठं? सुनेच्या हाती लागू नये म्हणून उर्दूतच लिहावं असं आधी मनात आलं होतं. पण बसले तर अलिफ, बे, पे, आणि पुढं बोट अडलं. तुमची तेवढी एक देणगी होती, तीही वाढली. कागद मिठाच्या डब्याखाली घालून टाकीन.

एक मात्र कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी सासरहून धावत आले. तुम्हाला अंगणात ठेवलं होतं, बायका आईभोवती गोळा झाल्या होत्या. नवरा असतो तोवर बाई बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणते. तो गेला की तेवढंही कौतुक उरत नाही. "फोडा गं, फोडा, उशीर नगं," सगळ्या म्हणत होत्या. तेवढ्यात मावशी पुढं सरकली, आईचा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाली, "फोडा म्हनू नका बायांनो. अजून दारात हायती ते. वाढवा म्हना." आणि अण्णा, त्या रडारडीत माझ्या कानात तुमचा आवाज आला, स्वच्छ, साहेबांसमोरचा: "कहती है, बढ़ा दो, साहब." मला हसू फुटलं. आवरेना. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला, अंग गदगदा हलायला लागलं, डोळ्यांतून पाणी आलं. बायका म्हणाल्या, पोरीचा बापावर लई जीव. मावशीनं आईचा हात सोडून मला जवळ ओढलं, पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिली, "रड बाई, रड. देवमानूस हुता." तिच्या मांडीत तोंड खुपसून मी पोट दुखेपर्यंत हसले.