नैवेद्याचं सूप

बोळिंज. मंगळवार, संध्याकाळ.

पोटात काही गेलं नाही तर सुनंदाला पुढचं औषध देता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून कामावरून आल्या आल्या सूप केलं. दुधी-टोमॅटो कुकरला लावले, दाटपणासाठी मूठभर पोहे टाकले, मिक्सरमधून फिरवलं. घाईत मीठ दोनदा पडलं, ते कळलंच नाही. आमच्याकडे नैवेद्याआधी कुणी चाखत नाही. देवापुढे ठेवून वाटी तिला दिली.

"अहो, हॉटेल काढू नका हं. अळणी झालंय," ती हसून म्हणाली.

आत जाऊन चमचाभर तोंडात घातलं. इतकं खारट की गिळवेना. काहीच न घालता ढवळून परत नेलं.

"आता बरं लागतंय." दोनच चमचे घेतले तिने.

माझं मन राखलं का? की खरंच कळत नाही तिला, मीठसुद्धा? न चाखता, नुसत्या वासावरून आमटीतलं मीठ सांगणारी बाई ती.

हात जोडले, पण काय मागावं सुचेना. वाटीत उरलेलं ओतून द्यायला हात धजेना, देवाला दाखवलेलं होतं. सगळं मीच संपवलं.